वाचून दाखवले, बरोबर आहे

श्रीमती महादेवी बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका कूलरमुळे. या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी ‘साहित्याच्या ओढीने माझी पावले सात रस्त्याजवळच्या वाचनालयाकडे वळली’ असं वाक्य लिहिलं होतं. ते मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, वाचनालयाच्या माडीवर कूलर कुठल्या बाजूला होता? मी झटकन सांगितलं की खिडकीच्या उजवीकडे, आणि त्याच्यासमोरची दुसरी खुर्ची सगळ्यात गार. मग त्यांनी विचारलं, कथासंग्रहांचं कपाट कुठं होतं? ते मला काही केल्या आठवेना.

“मग ओढ कशाची होती ते लिहा की,” मॅडम म्हणाल्या.

तर कूलरच्या ओढीने. सतरा वर्षांपूर्वीचा मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि पत्र्याच्या घरात दुपारी माणसाची पापडी होत होती. मी तेव्हा विमा कार्यालयात कारकून होतो, आजही आहे. रविवारी दुपारी माडीवर काहीतरी बैठक असते आणि कुणालाही बसू देतात एवढंच ऐकून मी गेलो. दहाबारा माणसं गोल करून बसली होती. मध्ये इरकल साडी नेसलेल्या एक बाई एका म्हाताऱ्या गृहस्थांना खडसावून विचारत होत्या, म्हैस विहिरीत कुठल्या बाजूनं पडली? गृहस्थांनी कबूल केलं की पडताना त्यांनी पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला होता. “मग ‘आवाज ऐकला’ असं लिहा,” बाई म्हणाल्या. मला वाटलं, पोलीस केस आहे. उठून जावं का, असा विचार करत मी शेजाऱ्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, “न्हाय हो, ललित लेख वाचलाय त्यांनी.”

बैठकीच्या जुन्या मंडळींना हे सगळं पाठ आहे, पण मॅडमच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ नव्या मंडळींच्याही हातात पडणार म्हणून सांगतो. मॅडम मूळच्या अक्कलकोट तालुक्यातल्या, घरची भाषा कानडी. नोकरी न्यायालयात लघुलेखिकेची. आयुष्यभर त्यांनी साक्षीदारांच्या साक्षी उतरवून घेतल्या आणि मग टाइप केल्या. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, तीर्थयात्रा करतात. मॅडमनी वाचनालयाच्या चिटणिसांना भेटून माडी मागितली आणि खरं लिहायची बैठक सुरू केली. कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. इथं आपण जगलेलं, पाहिलेलं, विचारून घेतलेलं लिहायचं, पण असं लिहायचं की माणसानं गोष्टीसारखं वाचावं.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. साक्षीदारानं पाहिलेलं सांगावं, ऐकलेलं असेल तर ऐकलेलं म्हणून सांगावं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावं, त्यात कमीपणा कसला? आधी काय सांगायचं, मग काय, कुणाला बोलतं करायचं, कुठं थांबायचं, हे सगळं लिहिणाऱ्याच्या मर्जीचं. पण जे घडलं नाही ते घालायचं नाही, आणि दोन माणसं मिळून एक माणूस करायचा नाही. ‘करुण’, ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’ हे शब्द कुणी वाचले की त्या म्हणायच्या, ही वकिली झाली, वकिली वाचणाऱ्याला करू द्या. कौतुकाच्या बाबतीत मात्र हात भलताच आखडता. लेख साधारण असेल तर त्या ‘बरं’ म्हणत आणि उत्तम असेल तर ‘ठीक’. सतरा वर्षांत मला चार ‘ठीक’ मिळाले आहेत. त्यातल्या एकाबद्दल पुढे बोलावंच लागणार आहे.

सात रस्त्याचा किस्सा नव्या मंडळींनी ऐकला नसेल. आमच्यातल्या एकानं लेखाची सुरुवातच केली होती, ‘जिथे सात रस्ते एकत्र येतात त्या चौकात…’ मॅडमनी वाचन थांबवलं आणि आम्हा सगळ्यांना भर उन्हात खाली पाठवलं, रस्ते मोजून या म्हणून. आम्ही पाच जण गेलो आणि पाच आकडे घेऊन परत आलो. एका दुकानाच्या कडेची बोळ रस्ता म्हणायची की नाही, यावर दोघांचं खालीच वाजलं होतं. एका रिक्षावाल्यानं मध्ये पडून दखनीत सुनावलं होतं की तुम लोगां को काम नै क्या. वर येऊन आम्ही हे सगळं घामाघूम होऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आता हे लिहा. तो लेख आमच्या वार्षिक अंकात आला आणि रिक्षावाल्यासकट सगळ्यांना आवडला. रिक्षावाल्याला कसा कळला, ते आता सांगतो.

न्यायालयात साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि खाली लिहितात, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ त्याखाली साक्षीदाराची सही. हा नियम मॅडमनी जसाच्या तसा बैठकीत आणला. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्याकडे जायचं, त्याला लेख मोठ्यानं वाचून दाखवायचा, त्याच्या हातानं हे वाक्य आणि सही घ्यायची. सही नसेल तर लेख अंकात नाही. माणूस हयात नसेल तर त्याला ओळखणाऱ्या दोघांची सही. त्या रिक्षावाल्यानं चौकात उभं राहून सगळा लेख ऐकला, ‘नै क्या’ हे शब्द दोनदा वाचून घेतले आणि मगच सही केली.

या नियमानं आमच्यातल्या भल्याभल्यांना घाम फोडला. एका भगिनींनी सासूबाईंवर चार पानं लिहिली होती. सही घ्यायला गेल्या तेव्हा चाराची दीड पानं झाली आणि उरलेल्या जागेत सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात अर्धं पान घालून दिलं. ते अर्धं पान बघून मॅडमनी ताबडतोब ‘ठीक’ म्हटलं. सासूबाई हल्ली स्वतःच बैठकीला येतात, आणि सूनबाई घरी बसून स्वयंपाक बघतात.

मैंदर्गीचे मल्लिनाथ गुरुजी, प्राथमिक शाळेतले, यांचंही सांगायला हवं. त्यांनी आजीवर फार सुरेख लिहिलं. आजी मरताना लांबलचक, अगदी शुद्ध मराठीत आशीर्वाद देते असा शेवट. मॅडमनी विचारलं, आजी मराठी बोलायच्या? गुरुजी गडबडले. आजीला मराठी मुळीच येत नव्हतं. मग प्रत्यक्षात काय म्हणाल्या? गुरुजींनी मान खाली घालून सांगितलं, “ऊट आत?” जेवण झालं का, एवढंच. मॅडम म्हणाल्या, माझी आईही हेच विचारायची. लेखातून आशीर्वाद गेला आणि ते दोन शब्द राहिले. गुरुजींची गावची एस.टी. चुकू नये म्हणून त्या दिवसापासून बैठक चारला संपते, आणि त्यांच्या पिशवीत शेंगाच्या चटणीची पुडी पडते. ही चटणी मॅडम स्वतः कुटतात. आम्हा सोलापुरात राहणाऱ्यांना ती कधी मिळालेली नाही, ही तक्रार या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या पद्माअक्कांना लिहिता येत नव्हतं. त्या तेलुगू मिसळलेल्या मराठीत बोलत आणि मॅडम लघुलिपीत उतरवून घेत. भाषा थोडी नीट करून घ्या, असं आमच्यातल्या एका शहाण्यानं सुचवलं. तो शहाणा मी. मॅडमनी मला विचारलं, साक्षीदार कोण, तुम्ही की पद्माअक्का? लेख अक्कांच्याच भाषेत छापला, अक्कांच्याच नावानं. मॅडमचं नाव त्यात कुठंही नव्हतं, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

माझी आई गेली तेव्हा मॅडम घरी आल्या. सांत्वनाचं त्यांना अजिबात जमत नाही. पाच मिनिटं त्या भिंतीकडे बघत बसल्या, मग पर्समधून छोटी वही काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “आई स्वयंपाकघरात काय काय कसं ठेवायच्या ते आज लिहा. महिन्याभरात तुम्ही त्यांना देवी करून टाकाल.” तेव्हा मला राग आला होता. पण त्या रात्री मी लिहिलं: मीठ बरणीत, गूळ शिंक्यात, पितळी डबा खालच्या फळीवर, पुसून, झाकण लावून, कधीही पालथा नाही. ती वही आजही माझ्याकडे आहे आणि ती मला नंतर कशी उपयोगी पडणार हे मॅडमनाही त्या वेळी ठाऊक नव्हतं.

आता त्या ‘ठीक’कडे येतो. इथपर्यंत लेख कसा झरझर आला, इथून हात जड होतो.

बैठकीत मी वाचलेला पहिलाच लेख माझ्या वडिलांवर होता. अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. मी नोकरीसाठी सोलापूरला निघालो तो दिवस, कुर्डुवाडी स्टेशन, गाडी सुटते, आणि खिडकीतून मला दिसतात अण्णांच्या काळ्या, तेलकट हातांवर पडलेले दोन अश्रू. उभ्या जन्मात न रडलेला माणूस, इत्यादी. वाचून झालं तेव्हा माडीवर तीन जण नाक पुसत होते. कूलरचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मला तर वाटलं आपण आता खुर्चीसकट वर उचलले जाणार.

मॅडमची उलटतपासणी सुरू झाली. कुर्डुवाडीहून सोलापूरला किती वेळ लागतो? मी म्हणालो, पॅसेंजरनं दीड-दोन तास. परत कधी गेलात? शनिवारी. कशाला? मी म्हणालो, कपडे धुवायला टाकायला. मंडळी हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, चार दिवसांनी मळके कपडे घेऊन परत येणाऱ्या मुलासाठी अण्णा रडले? मी छातीठोकपणे सांगितलं, होय, रडले. तुम्ही पाहिलं? होय, पाहिलं. मग सही आणा, मॅडम म्हणाल्या.

अण्णा रडले नव्हते. ते स्टेशनवर आले होते एवढं खरं. गाडी हलल्यावर मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते बाकड्याकडे वळलेले दिसले आणि मग खांब आडवा आला. दोन थेंब मी सोलापुरात बसून घातले.

पुढच्या रविवारी सही न्यायची होती. मी कुर्डुवाडीला गेलो, अण्णांसमोर बसलो, लेख पिशवीतून अर्धा बाहेर काढला आणि पावसापाण्याचं बोलून परत आलो. बिनवाचलेला लेख घेऊन माडी चढायची लाज वाटत होती. म्हणून वाटेत एका रसाच्या गुऱ्हाळावर बसून, डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात मीच लिहिलं, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे. ना. सुरवसे.’ मॅडमनी सही बघितली, ‘ठीक’ म्हणाल्या, आणि लेख अंकात पहिल्या पानावर गेला.

त्यानंतर सतरा वर्षं मी काय भोगलं ते मलाच माहीत. तो लेख इतका गाजला की निरोपसमारंभात वाचून दाखवू लागले. मी ‘अश्रूवाले सुरवसे’ झालो. अंकाची एकही प्रत कुर्डुवाडीत शिरू नये म्हणून मी काय काय केलं! धाकट्या भावाच्या घरी ती एकदा पोचली तेव्हा मी खास गाडी पकडून जाऊन ती ‘चुकून’ पिशवीत घालून परत आणली. आणि दर रविवारी माडीवर मी नव्या मंडळींना नियम समजावून सांगत होतो की सही नसेल तर लेख नाही.

या गौरवग्रंथाचं संपादन मंडळींनी माझ्याकडे दिलं तेव्हा पहिलं भांडण झालं ते पंचाहत्तरीवरून. मॅडमचं म्हणणं, शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्या वर्गाचीच जन्मतारीख एक जून लिहिली होती. आई म्हणायची, तू झालीस तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती. जून महिन्यात ज्वारीची काढणी कोण करतं? म्हणजे पंचाहत्तरी कदाचित होऊन गेली, कदाचित व्हायची आहे. मुखपृष्ठावरच खोटं नको, असं म्हणून त्या हटून बसल्या. अखेर ‘पंचाहत्तरी (शाळेच्या दाखल्यानुसार)’ यावर तडजोड झाली. सभागृह ठरलं, निमंत्रणपत्रिका छापून आल्या, राहिला माझा लेख.

मी लिहायला बसलो. ‘मॅडमनी मला खरं लिहायला शिकवलं’ हे वाक्य लिहिलं आणि पेन पुढे जाईना. आठ दिवस तेच वाक्य. गौरवलेखालाही मॅडमचा नियम लागू होताच, मला तो त्यांच्यासमोर बसून वाचायचा होता. शेवटी मी ते वाक्य तसंच ठेवलं आणि त्याच्याखाली गुऱ्हाळ, डावा हात, ‘ना. सुरवसे’, सगळं लिहून टाकलं. त्यांच्या घरी जाऊन वाचू लागलो. कूलरच्या जागी त्यांनी थांबवलं, चटणीच्या जागी चष्मा पुसला. सहीच्या जागी काहीच केलं नाही. मी वाचून संपवलं. चहा निवून गेला होता.

“या ग्रंथातून माझं नाव काढा,” मॅडम म्हणाल्या.

 पत्रिका वाटून झाल्या आहेत हे सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं की अण्णा हयात आहेत का. मी म्हणालो, आहेत, ऐंशी पार केली, कान थोडे गेलेत. त्या उठल्या, आत गेल्या, पर्स आणि दोन पेन्सिली घेऊन बाहेर आल्या. खोटी सही आणणाऱ्याला परत एकट्याला कसं पाठवायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही कुर्डुवाडीला निघालो. मोहोळ स्टेशन मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच मॅडम म्हणाल्या:

“बाकी सगळ्यांच्या सह्या मी तपासत होते, सुरवसे. घरी जाऊन विचारून यायची. तुमची तेवढी तपासली नाही. तुमच्यावर विश्वास टाकला होता. हेही लेखात घाला.”

घातलं आहे. त्यापुढे माढ्यापर्यंत मला खिडकीबाहेर काहीही दिसलं नाही, असं मी लिहिलं होतं. मॅडमच्या सांगण्यावरून दुरुस्त करतो: ही गाडी माढ्याला थांबली की नाही हे मला आठवत नाही.

अण्णा ओसरीवर लसूण सोलत बसले होते. मॅडमनी समोर बसून वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं. अण्णांनी ते बघितलं आणि लसूण खाली ठेवला. “दत्ता, कसली केस हाय?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, केस नाही. त्यांना पटलं नाही. ते मॅडमना म्हणाले, पोरानं काय केलं असंल तर मला म्हाईत न्हाय, मी रिटायर मानूस हाय. मॅडम म्हणाल्या, त्यानं एक लेख लिहिलाय तुमच्यावर, तो ऐका फक्त.

मी वाचला. कान गेलेले, म्हणून ओरडून वाचला. शेजारची दोन घरं दारात येऊन उभी राहिली. तो हळुवार लेख ओरडून वाचायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ‘दोन अश्रू’ हे शब्द तर मला तीनदा म्हणावे लागले. अण्णांना ऐकू आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ बघितलं.

“मी रडायला पायजे व्हतो व्हय?” त्यांनी विचारलं.

मॅडमची पेन्सिल थांबली. “हे उतरवून घेऊ का?” त्यांनी मला विचारलं. मी मानेनंच होय म्हटलं.  मॅडमनी मग अण्णांना मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं की तुम्ही त्या दिवशी काय केलं तेवढंच सांगा, दुसरं काही नको.

अण्णांनी सांगितलं. गाडी हलली, मागं वळले तर बाकड्यावर माझा डबा राहिलेला. आईनं पहाटे उठून धपाटे केले होते, पितळी डबा भरून. हाक मारली, पण गाडीनं वेग घेतला होता. डबा घेऊन ते कारखान्यात गेले. दुपारच्या सुट्टीत आधी आपला डबा खाल्ला. मग माझा उघडला. घरी परत न्यावा तर आईला कळणार की पोरगं उपाशी गेलं, ती दोन दिवस जेवायची नाही. टाकावा तर हात धजेना. म्हणून ते बसले आणि सगळे धपाटे खाल्ले. “लई हुते,” अण्णा म्हणाले. तासाभरात पोटात कळा यायला लागल्या. फोरमननं विचारलं काय झालं. अण्णा म्हणाले, पोरगं गेलं आज, म्हणून पोटात दुखतंय. फोरमननं अर्ध्या दिवसाची रजा दिली. घरी येऊन, आई नळावर गेलेली बघून, अण्णांनी जन्मात पहिल्यांदा भांडं घासलं आणि फळीवर पालथं घातलं. आईला कधी सांगितलं नाही.

मॅडम उतरवून घेत होत्या. त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, याला आधार काय?

आधार माझ्याकडे होता. त्या शनिवारी मी मळके कपडे घेऊन घरी आलो तेव्हा आई कुरकुरत होती की हा डबा वरच्या फळीवर कुणी चढवला आणि पालथा कुणी घातला? मी समजलो होतो की डबा मी घरातच विसरलो. मॅडमनी दिलेल्या त्या छोट्या वहीत माझ्याच अक्षरात होतं, पितळी डबा खालच्या फळीवर, कधीही पालथा नाही. हे सांगता सांगता मी ओसरीवर, शेजारच्या दोन घरांदेखत, हुंदके देऊन रडलो. अण्णा रडले नाहीत. ते मॅडमना म्हणाले, “आता हे लिवा. ह्यो रडला म्हनून लिवा.”

मॅडमनी तिथंच बसून लघुलिपीतलं सगळं स्वच्छ मराठी अक्षरात उतरवलं आणि स्वतः ओरडून वाचून दाखवलं. अण्णांनी एक दुरुस्ती सांगितली, रजा अर्ध्या दिवसाची नव्हती, दोन तासांची होती. मग पेन घट्ट धरून, एकेक अक्षर थांबून, त्यांनी सही केली: नामदेव केरबा सुरवसे. पूर्ण नाव. माझ्या ‘ना. सुरवसे’शी तिचा काही संबंध नव्हता. निघताना त्यांनी सोललेला सगळा लसूण फडक्यात बांधून मॅडमच्या हातात दिला, चटणीला होईल म्हणून. मॅडमनी तो घेतला. पुढच्या रविवारी चटणीची एक पुडी, सतरा वर्षांत पहिल्यांदा, माझ्या पिशवीत होती. अण्णांकडे पोचवा, असं त्यावर लिहिलं होतं.

मॅडमचं नाव ग्रंथात राहिलं आहे. जुना लेख यंदाच्या अंकात दुरुस्तीसह, डब्यासह, पुन्हा छापला जाईल. संपादकपदावरून मला काढायचं की नाही, हे मॅडमनी मंडळींवर सोपवलं. मंडळींनी मला ठेवलं, पण माझ्या लेखाच्या सह्या तपासायचं काम आता सासूबाईंकडे दिलं आहे.

गौरवलेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. मी ‘मॅडम शतायुषी होवोत’ असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं. जन्मतारीखच नक्की नाही तर शंभर कुठून मोजणार, आणि साक्षीदारानं पुढच्या गोष्टी सांगायच्या नसतात. मान्य आहे. पण मॅडम, ही साक्ष नाही, ही माझी इच्छा आहे, आणि ती मी माझ्या जबाबदारीवर लिहितो. तुमचे गुडघे माडीचा जिना चढत राहोत. तुमची पेन्सिल टोकदार राहो, आणि नजर तिच्याहून. आमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी खोटं लिहायचा मोह होणार आहे, तेव्हा समोरच्या खुर्चीवर चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही बसलेल्या असा, पुढची कितीतरी वर्षं. माझ्या अण्णांना मी रडवायला निघालो होतो. तुमच्यामुळे ते मला भेटले.

दत्तात्रय नामदेव सुरवसे

वाचून दाखवले. चटणी एकदा सुरवसे यांच्या सौभाग्यवतींना दिली होती, ती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. एवढी दुरुस्ती करून बरोबर आहे. शेवटच्या परिच्छेदाबद्दल मला व्यक्तिशः माहिती नाही, पण तो राहू द्यावा.

महादेवी बिराजदार